मोडीत काढलेली दोन कार्डं

खंडागळेबाईंनी बावीस वर्षांत एकही चहा विश्वासानं घेतला नाही. कँटीनचे शेट्टी किटली घेऊन आले की बाई आधी ग्लास उजेडात धरून बघायच्या, मग चहा स्वतःच्या डोळ्यांदेखत ओतायला लावायच्या. शेट्टींनी त्यांच्या वहीत एक रेघ मारली की बाई आपल्या वहीत एक रेघ मारायच्या. महिनाअखेरीला दोन्ही वह्या शेजारी ठेवून रेघा मोजल्या जायच्या. एवढ्या वर्षांत फरक निघाला तो एकदाच, एका चहाचा, आणि तोही शेट्टींच्या वहीत कमी. बाईंनी त्या चहाचे पैसे लगेच दिले आणि पुढचे आठ दिवस ‘ह्यानं एक कमी का लिहिला असेल’ या विचारात घालवले.

घाटकोपर पूर्वेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बाई स्टोअर सांभाळायच्या आणि मी शेजारच्या पर्चेस विभागात होते. मालाची ऑर्डर मी काढायची, माल आला की तो बाईंनी मोजून घ्यायचा आणि मोठ्या नोंदवहीत त्याची नोंद पुन्हा मी करायची, अशी आमची वाटणी होती. दोन खोल्यांच्या मध्ये जाळीची खिडकी. त्या खिडकीतून मला बाई दिवसभर दिसायच्या. ठेंगणी मूर्ती, पिन लावलेली सुती साडी, चष्म्याला दोरी, कमरेला किल्ल्या. सलाईनच्या खोक्यांच्या भिंतीत बसलेल्या असायच्या. मूळच्या बीडकडच्या, लग्न करून मानखुर्दला आल्या, मग हॉस्पिटलमागच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. दोन खोल्या, नवरा, एक मुलगी सुजाता. रविवारी विहारात जायच्या आणि तिथेही त्यांचा स्वभाव सोबत जायचा. जयंतीसाठी भाड्यानं आणलेल्या खुर्च्या मंडळाच्या मुलांनी शंभर म्हणून लिहिल्या होत्या. बाईंनी वंदना झाल्यावर रांगा मोजल्या, सत्त्याण्णव भरल्या. बिचारी मुलं तीन खुर्च्या शोधत वस्तीभर फिरली. तिन्ही खुर्च्या शेजारच्या सलूनमध्ये सापडल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, “दिसतं ते लिहायचं. सांगतात ते लिहायचं नाही.”

मी मुलुंडची, बँकेत नोकरी केलेल्या वडिलांच्या घरातली. सल्ला द्यायची खोड मला वारशानं मिळालेली. नोकरीला लागले त्या आठवड्यात मी बाईंना कुठल्याशा बचत योजनेबद्दल सांगायला गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यात तुम्हाला काय मिळतं?” मला राग आला होता. नंतर कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. मेडिकल डायरेक्टरांनी दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवला तेव्हा त्या शिपायालाही त्यांनी हेच विचारलं होतं. मला ‘तू’ म्हणायला त्यांना तीन वर्षं लागली, आणि त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला ते सांगितलं. इतका आनंद मला बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता.

बाईंना समजून घ्यायचं तर ‘कंडेम’ करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. हॉस्पिटलातली वस्तू निकामी झाली म्हणून टाकून देता येत नाही. ती साक्षीदारांसमोर रीतसर मोडीत काढावी लागते. बाई ती वस्तू सगळ्यांदेखत तोडायच्या किंवा फाडायच्या, मेट्रन फर्नांडिस सिस्टर आणि अकाउंट्सचे दळवी साक्षीला उभे राहायचे, मग बाई रिपोर्ट लिहायच्या, सगळ्यांच्या सह्या व्हायच्या आणि तो माझ्याकडे आला की मी नोंदवहीतून ती वस्तू कमी करायची. माझं काम शेवटचं आणि सगळ्यात सोपं. रिपोर्टचा मजकूर वर्षानुवर्षं तोच असल्यामुळे मी सही करताना वर काय लिहिलंय ते बघायचंही सोडून दिलं होतं.

या तोडफोडीबाबत बाई फार कडक होत्या. कधीकाळी, माझ्या आधी, कंडेम झालेल्या बारा चादरी नुसत्या बाजूला ठेवल्या गेल्या, त्या धोब्याच्या गठ्ठ्यात शिरल्या आणि धुऊन, इस्त्री होऊन परत आल्या. मोजणीत बारा चादरी जास्त. बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. “कमी भरलं तर चोर म्हणतात,” त्या मला सांगायच्या, “जास्त भरलं तर काय म्हणतात ते त्यांनाच माहीत नव्हतं. म्हणून आणखी जास्त चौकशी.” तेव्हापासून चादर कंडेम झाली की मधोमध उभी फाडायची. व्हीलचेअर कंडेम झाली तेव्हा त्यांनी तिचं एक चाक काढून आपल्या टेबलाखाली ठेवलं, भंगारवाला उरलेली खुर्ची घेऊन टेम्पोत चढेपर्यंत त्यावर पाय ठेवून बसल्या आणि टेम्पो सुरू झाल्यावर मग चाक दिलं. “मेलेलं सामान स्टोअरमध्ये ठेवायचं नसतं. ठेवलं की कोणीतरी वापरतंच,” असं त्या म्हणायच्या.

एवढी संशयी बाई कर्जात कशी अडकली, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं. सुजाताच्या पप्पांचं आजारपण दोन वर्षं चाललं. आमच्या हॉस्पिटलात त्यांच्यावर होण्यासारखे उपचार झाले, बाकीचे बाहेर करावे लागले. पगाराच्या बँकेचं एक जुनं कार्ड बाईंकडे होतंच, त्यात आणखी दोन बँकांची कार्डं घेतली. शेवटी पप्पा गेले आणि बिलं राहिली. बाई माणसावर विश्वास ठेवायच्या नाहीत, पण छापील कागदावर ठेवायच्या. बिलावर ‘किमान देय रक्कम’ असं छापलेलं असायचं. जेवढे मागितलेत तेवढे, पैशापर्यंत मोजून, तारखेच्या चार दिवस आधी, असे त्यांनी वर्षभर भरले. सरकारी खिडकीवर जेवढं मागतात तेवढं आपण देतो, त्यातलाच प्रकार.

मग एक दिवस त्यांनी त्या बिलांचं स्टोअरच्या पद्धतीनं कार्ड बनवलं. सुरुवातीची शिल्लक, आलेला माल, गेलेला माल, अखेरची शिल्लक. बघतात तर दर महिन्याला पैसे जातायत आणि शिल्लक वाढतेय. स्टोअरमध्ये असं झालं तर त्याचा अर्थ एकच असतो, मधे कोणीतरी हात मारतंय. बाईंनी घरातला चोर शोधला. घरात दुसरं माणूस एकच होतं. सुजाता तेव्हा नुकतीच अंधेरीला एका ऑफिसात लागली होती. तिला समोर बसवून बाईंनी विचारलं, “माझं कार्ड कुठं वापरलंस?” ती पोरगी आठ दिवस आईच्या हातचं जेवली नाही.

नवव्या दिवशी जाळीच्या खिडकीतून ते स्टोअर कार्ड माझ्याकडे आलं. “यात कुठं गळती आहे बघ,” एवढंच त्या म्हणाल्या. मी व्याज म्हणजे काय, किमान रक्कम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हे कोणी सांगितलं, कशावरून, दुसरीकडे कुठे लिहिलंय का, असे सगळे प्रश्न झाले. मग त्यांनी तीनही बिलांच्या मागची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली आणि संध्याकाळपर्यंत व्याज स्वतः काढलं. ते माझ्यापेक्षा बरोबर होतं. लेकीची माफी त्यांनी मागितली नाही. घरी जाताना बाजारातून कोळंबी घेऊन गेल्या. सुजाताला कोळंबी आवडते आणि बाईंना तिचा वासही सहन होत नाही.

पुढची चार वर्षं त्या बाईनं जे केलं ते मी जवळून पाहिलं. पाटल्या गेल्या, रजा विकल्या, सुट्टीच्या दिवशी रक्तपेढीत जादा काम केलं. नवी साडी नाही की गावी जाणं नाही. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी बँकेचा मेसेज आला तर त्या म्हणाल्या, “मेसेज कोणीपण पाठवतं. पत्र पाहिजे.” तीनही बँकांकडून काही देणं नसल्याची पत्रं मिळवली, ती लॅमिनेट करून आणली, आणि मग त्या लॅमिनेशनवाल्यानं झेरॉक्स तर काढून ठेवली नसेल ना, म्हणून परत त्याच्या दुकानात जाऊन आल्या. मला हसू आवरत नव्हतं. पण मनातून फार अभिमान वाटला होता त्यांचा.

कर्ज फिटलं आणि खरा प्रश्न उभा राहिला. बाईंच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागणार. मानखुर्दला, त्या लग्न होऊन जिथे आल्या त्याच भागात, एक वन रूम किचन त्यांनी बघून ठेवलं होतं. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले, गावी जाणार होते, वर्षाअखेरीपर्यंत थांबायला तयार होते. सुजाताच्या एकटीच्या पगारावर एवढं कर्ज मिळत नव्हतं. बाई नोकरीत आहेत तोवर दोघींच्या पगारावर मिळत होतं. म्हणजे जे काय करायचं ते निवृत्तीच्या आत. आणि त्याआधी या तीन कार्डांचं काय करायचं, ते ठरवायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत यावर सभाच भरली.

“तिन्ही बंद करून टाका,” दळवी म्हणाले. “ब्याद गेली.”

“अहो, काहीतरीच काय!” मी पोळीचा तुकडा खाली ठेवला. “बाई, तुम्हाला होम लोन काढायचंय. सगळी कार्डं बंद केलीत तर क्रेडिट स्कोअर खाली येईल. जितकं खातं जुनं, तितकं बँकेला बरं वाटतं.”

“कोण ठेवतं हा स्कोअर?”

“कंपन्या असतात त्याच्या.”

“मी सांगितलं त्यांना माझा हिशोब ठेवायला?”

“बँका देतात त्यांना माहिती. कार्ड घेताना आपण सही करतो ना, त्यात असतं ते.”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “म्हणजे कर्ज फेडून दार लावून घेतलं तर मार्क कमी. दार उघडं टाकलं तर मार्क जास्त. ही कुठली शाळा गं?”

“बाई, नियम मी नाही केलेले.”

“ते मला माहितीय. पण त्यांनी नियम केलाय तो त्यांच्या फायद्याचा असणार ना? बंद करू नका म्हणतायत म्हणजे परत वापरावं अशी इच्छा आहे त्यांची.” मग दळवींकडे वळून, “आणि तुम्ही बंद करा म्हणताय, तुमचं काय जातं?”

दळवींनी डबा उचलला आणि ते दुसऱ्या टेबलावर गेले. मी मात्र चिकाटीची. जुनं कार्ड ठेवा, नुसतं पडून राहू द्या, बाकीची दोन हवी तर काढून टाका, त्यातल्या एकाची वर्षाला फी पण आहे, असं मी आठवडाभर त्यांच्या मागे लागून सांगितलं. त्या ऐकायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. शेवटी एका शनिवारी खिडकीच्या जाळीला किल्लीनं टकटक झालं. “एक ठेवतेय. दोन कंडेम. साडेतीनला ये.”

मला वाटलं, शब्दशः घेण्यासारखं नाही ते. साडेतीनला गेले तर टेबलावर हिरवं कापड होतं, मेट्रन आणि दळवी खुर्च्यांवर बसले होते आणि गॉज कापायची मोठी कात्री बाईंच्या हातात होती. त्यांनी दोन्ही कार्डांचे नंबर मोठ्यानं वाचून दाखवले. मग प्रत्येक कार्डाचे आठ तुकडे. तुकडे मोजले, सोळा भरले. रिपोर्ट तीन प्रतींत तयार होता, नेहमीच्या सुबक अक्षरात. फर्नांडिस सिस्टर हसून हसून लाल झाली होती. “शीला, प्रेयर पण म्हणू का?” असं तिनं बाईंना विचारलं. मीही हसत होते. हसता हसताच सही केली, वेळ घातली आणि माझी प्रत ड्रॉवरमध्ये टाकली. बँकेत रीतसर अर्ज केलाय का, हे मी विचारलं नाही. लेकीवर संशय घेणारी बाई तेवढं केल्याशिवाय राहील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाईंना बँकेचे फोन यायला लागले. बाईंनी रिपोर्टची एक एक प्रत दोन्ही बँकांना रजिस्टर पोस्टानं पाठवली होती. त्यावरून चौकशीसाठी बँकेतून कोणीतरी फोन करत असावं.

“कोण बोलतंय? पूर्ण नाव सांगा. हुद्दा? शाखा कुठली? मला कसं कळणार तुम्ही बँकेचेच?” मी खिडकीतून ऐकायचे. अशा फोनवर कोणाला काही सांगू नका, हे तर सगळीकडेच सांगतात, त्यामुळे मला बाईंचं कौतुक वाटायचं. शेवटी वैतागून त्या म्हणायच्या, “हे बघा, स्टोअरचं काम संपलं. जे काय असेल ते पर्चेसशी बोला.” आणि फोन बंद. दर वेळी हे ऐकलं की मला हसू फुटायचं. त्या लोकांना गोंधळात टाकायची ही त्यांची युक्ती आहे अशी माझी पक्की समजूत होती. घरी मी त्याची नक्कलसुद्धा करून दाखवायचे.

नंतर पाकिटं यायला लागली. बाई ती घ्यायच्या नाहीत. पोस्टमनसमोर पाकिटावर ‘खाते बंद, स्वीकारले नाही’ असं लिहून परत पाठवायच्या. “बंद खात्याचं बिल घेतलं म्हणजे खातं चालू आहे असं कबूल केल्यासारखं होतं,” असं त्यांचं म्हणणं. यातही मला काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, निदान एक पाकीट फोडून बघायला हवं होतं.

दहा महिन्यांनी सुजाता आणि बाई होम लोनसाठी बँकेत गेल्या आणि परत आल्या त्या तोंडं उतरवून. एका बँकेनं रिपोर्टवरूनच कार्ड बंद केलं होतं, पण फी असलेलं ते दुसरं कार्ड बंद झालंच नव्हतं. वर्षाची फी लागली होती, ती न भरल्याचा दंड, दंडावर व्याज. रक्कम काही हजारांतच होती, पण क्रेडिट रिपोर्टवर बाईंचं नाव थकबाकीदार म्हणून लागलं होतं. अर्ज नामंजूर.

मी इतक्या वर्षांत बाईंना रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नाही पाहिलं. त्यांनी चौकशी मांडली. दळवींना विचारलं, तुमचा पुतण्या बँकेत आहे ना, त्याला तुम्ही काय सांगितलंत? पोस्टात जाऊन पोचपावतीवरची सही कोणाची ते पाहिलं. लॅमिनेशनवाल्याकडे तिसऱ्यांदा गेल्या. मेट्रनला विचारलं, ते सोळा तुकडे कचऱ्यात कोणी नेले? सुजातालाही विचारलं, पण या वेळी घाबरत घाबरत. मला मात्र काही विचारलं नाही. त्याचा मला आतून थोडा अभिमानच वाटला. म्हटलं, एवढ्या सगळ्यांत आपल्यावर तेवढा संशय नाही.

मीच मग पुढाकार घेतला. दोघी शाखेत गेलो, फॉर्म भरला, न वापरलेल्या कार्डाचे पैसे बाईंनी मोजून दिले. खातं बंद करायला कोणी बोललंच नव्हतं, असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तो मला बँकेचा बहाणा वाटला. कार्ड बंद झाल्याचं पत्र आलं. पण नावावरचा डाग पुसायला वेळ लागतो. लोनवाल्या मॅनेजरनं सांगितलं, “सहा महिन्यांनी या.” सहा महिन्यांनी बाईंचा पगारच बंद होणार होता. मानखुर्दच्या मालकांना मी स्वतः फोन करून गळ घातली. ते म्हणाले, “ताई, मला वाईट वाटतं, पण माझं गावाकडचं बांधकाम अडलंय.” पुढच्या महिन्यात ते घर गेलं.

बाई निवृत्त झाल्या. समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. क्वार्टरचा ताबा देताना नळ, दिवे, खिडक्यांच्या काचा असं सगळं मोजून दिलं आणि पावती घेऊन दहिसरला भाड्याच्या घरात गेल्या. सुजाताच्या एकटीच्या पगारात तेवढंच परवडत होतं, आणि तिथलाही करार अकरा महिन्यांचा. साठीला टेकलेल्या बाईनं दर वर्षी नवा मालक, नवी अनामत, नवा दलाल बघायचा. मला ते फार लागलं होतं, पण बँकेवर राग काढून मी मोकळी झाले होते.

नव्या स्टोअरकीपरला जुने कागद देण्यासाठी मी माझा ड्रॉवर रिकामा केला, तेव्हा त्या रिपोर्टची माझी प्रत सापडली. गंमत म्हणून वाचायला घेतली. एक, कार्डांचे क्रमांक. दोन, साक्षीदारांसमक्ष प्रत्येकी आठ तुकडे केले. तीन, प्रती बँकांना पोस्टाने पाठवणे, स्टोअर. चार, बँकांशी बोलून खाती बंद करून घेणे व नोंद कमी करणे, पर्चेस. आणि खाली माझी सही. वेळ तीन वाजून बावन्न मिनिटं.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी मी दार लावून घेतलं. वस्तू स्टोअर तोडतं आणि पुस्तकातून ती पर्चेस कमी करतं, हीच आमची वर्षानुवर्षांची रीत. बाईंनी त्यांच्या परीनं सगळं रीतसर केलं होतं. पर्चेसशी बोला म्हणजे माझ्याशी बोला. त्या फोनवरच्या माणसांना माझ्याकडे पाठवत होत्या आणि मी पलीकडे बसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दहिसरला गेले. नदीच्या बाजूची जुनी इमारत, तिसरा मजला. बाईंनी दाराच्या भिंगातून बघून, नाव विचारून मग दार उघडलं. सुजाता ऑफिसला गेली होती. अर्ध्या खोक्यांच्या दोऱ्याही सोडलेल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, “अकरा महिन्यांसाठी कशाला सोडायच्या?” त्यांनी चहा टाकला. मी कागद पुढे ठेवला.

“बाई, तो चौथा मुद्दा.”

“हं.”

“मी वाचलाच नव्हता.”

“माहितीय.”

“कधी कळलं तुम्हाला?”

“बँकेत. खातं बंद करायला कोणी बोललंच नाही, असं काउंटरवरचा तो मुलगा म्हणाला ना, तेव्हा.”

“मग तेव्हाच का नाही बोललात मला? सगळ्यांना बोललात. त्या लॅमिनेशनवाल्यालासुद्धा…”

बाईंनी चहा गाळला. दोन्ही कपांत सारखा आहे ना ते वाकून बघितलं. “मी सगळ्यांनाच विचारते. झालं का, केलं का, पावती दाखव. सुजाताला विचारलं, तर पोर आठ दिवस जेवली नाही. तुला मुद्दाम नव्हतं विचारलं, वर्षभर. म्हटलं, एका माणसाला तरी न विचारता बघू.” मग म्हणाल्या, “नंतर विचारून काय करायचं होतं? घर तर गेलंच होतं.”

मी रडले. मोठ्यानंच रडले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, ‘जाऊ दे गं’ असंही म्हणाल्या. पण पाठीवर हात ठेवला नाही. मग उठून कपाटातून पाकीट आणलं आणि त्यातून ते तिसरं, सगळ्यात जुनं कार्ड काढलं. “हे तू ठेव म्हणालीस म्हणून ठेवलं होतं. आता लोन नाही, काही नाही. बंद करते.”

मी डोळे पुसले, हात पुढे केला. “द्या. मी करते फोन. आत्ता, तुमच्यासमोर करते.”

“नको. ह्याचं मी बघते.”

त्यांनी चष्मा लावला, कार्डाच्या मागचा नंबर एकेक आकडा बोलत दाबला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. रेकॉर्ड केलेला आवाज सूचना देत गेला, बाई बटणं दाबत गेल्या. एकदा चुकलं, तर पहिल्यापासून पुन्हा केलं. मी टेबलाच्या पलीकडे गार चहा घेऊन बसून होते. शेवटी त्या आवाजानं, मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक टाका, असं सांगितलं. फोन किणकिणला. बाईंनी तो उचलला, छातीशी धरला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“जरा तिकडं बघतेस?” त्या म्हणाल्या.

मी खिडकीकडे तोंड केलं.